४६ दिवसांत काय पूर्ववत झालं?

इंजिनिअरिंग कॉलेजात हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला. दुरुस्तीला सहा महिने लागतील असा रेल्वेचा अंदाज होता. ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे ते हेच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम बंद पडली की सर्व्हिस किती वेळात परत आली, हाच आमच्याकडे पहिला प्रश्न. त्यामुळे हा आकडा मला फार आवडायचा. रामेश्वरमला जाऊन आलो आणि वाटलं, गोष्ट अर्धीच सांगितली जाते. त्या रुळांच्या शेवटी एक गाव होतं, त्याचं काय झालं?

गावाचं नाव धनुष्कोडी. १९१४मध्ये पांबनचा पूल सुरू झाला आणि मुख्य भूमीवरून रामेश्वरम बेटावर थेट गाडी येऊ लागली. पांबनला रुळांचे दोन फाटे होत. एक रामेश्वरमच्या देवळाकडे, दुसरा धनुष्कोडीच्या धक्क्याकडे. मद्रासहून निघालेली बोट मेल तिथे पोचायची, प्रवासी उतरून आगबोटीत बसायचे आणि समुद्र ओलांडून सिलोनच्या तलैमन्नारला दुसरी गाडी पकडायचे. मद्रास ते कोलंबो, एकाच तिकिटावर!

वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर त्यामुळे अख्खं गाव वसलं. स्टेशन, कस्टम्सचं ऑफिस, पोस्ट, शाळा, चर्च, देऊळ. कोळी आधीपासून समुद्रावर जगत होतेच. आता हमाल, रेल्वे कर्मचारी, दुकानदारही आले आणि गावाचा दिवस गाडीच्या आणि बोटीच्या वेळेवर चालू लागला.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी स्टेशनाच्या अगदी जवळ आली असताना लाटांनी गिळली. आत शंभराहून जास्त माणसं होती. कुणीच वाचलं नाही. सकाळपर्यंत गावही उरलं नव्हतं. पुलाचे सुमारे सव्वाशे गर्डर समुद्रात गेले. जहाजांसाठी उघडणारा मधला मोठा गाळा तेवढा टिकला.

रस्त्याचा पूल तेव्हा नव्हताच, तो १९८८मध्ये झाला. म्हणजे रेल्वे बंद पडली की बेटावर यायला फक्त होडी. घाई का होती ते यावरून कळतं. नवे गर्डर आणायला वेळ लागणार होता. समुद्रात पडलेल्या गर्डरांचा ठावठिकाणा कोळ्यांकडून कळला, ते वर काढले आणि पुन्हा बसवले. ४६ दिवसांमागची खरी युक्ती ही.

पुलावरून गाडी सुरू झाली, पण ती रामेश्वरमपर्यंतच. धनुष्कोडीचा फाटा पुन्हा बांधला नाही. सिलोनची बोटही रामेश्वरमहून सुटू लागली. सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरवलं. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय चूक म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या वाळूवर पुन्हा गाव वसवा, असं कोण म्हणेल? पण ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी ‘वाहतूक पूर्ववत’ या शब्दांना काय अर्थ होता?

काही कोळी कुटुंबं तरीही तिथेच राहिली. वाळूत खड्डा खणून गोडं पाणी काढायचं, झावळ्यांच्या झोपडीत राहायचं, पहाटे होडी घालायची. २०१७मध्ये पक्का रस्ता झाला. तोवर वाळूतून जीपगाड्या चालत. मी गेलो तेव्हा चर्चच्या पडक्या भिंतींपाशी लोक सेल्फी काढत होते आणि शेजारी शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकाची वाट पाहत बसल्या होत्या.

जुन्या पांबन पुलावरची रेल्वे डिसेंबर २०२२मध्ये बंद झाली आणि शेजारचा नवा पूल एप्रिल २०२५मध्ये सुरू झाला. मधली सव्वादोन वर्षं गाड्या अलीकडे मंडपमलाच थांबत. पण या वेळी रस्ता होता, यात्रेकरू तिथून बसने बेटावर जात. गैरसोय झाली, पण बेट तुटलं नाही.

४६ दिवसांचं कौतुक मला आजही आहे. फक्त हा आकडा पुलाचा आहे. ज्या समुद्रातले गर्डर शोधायला कोळ्यांची माहिती कामी आली, त्याच समुद्राकाठचं त्यांचं गाव मात्र साठ वर्षांनंतरही रेल्वेच्या वेळापत्रकात परत आलेलं नाही.