पिसू : प्राण्यांचा परजीवी, रोगाची वाहक

कुत्र्या-मांजरांच्या अंगावर सापडणारी पिसू हा अत्यंत क्षुद्र कीटक असला, तरी मुंबई इलाख्याच्या इतिहासाला कलाटणी देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाल्यावर लागणाऱ्या पहिल्याच स्थानकाच्या, शहाडच्या परिसरात एकीकडे कारखाने व नव्या सोसायट्या, तर दुसरीकडे जुन्या चाळी, गोठे आणि उल्हास नदीकाठची वस्ती असे मिश्र जीवन आढळते. माणूस, पाळीव जनावरे, भटकी कुत्री आणि उंदीर-घुशी जेथे इतक्या निकट राहतात, तेथे या कीटकाची माहिती असणे उपयुक्त ठरते.

रचना आणि जीवनक्रम

पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक सस्तन प्राण्यांवर व थोड्या पक्ष्यांवर जगतात. पिसूला पंख नसतात. तिचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असल्याने केसांच्या दाट जंगलातून ती सहज वाट काढते. मागच्या पायांच्या बळावर ती स्वतःच्या लांबीच्या शंभरपटीपर्यंत उडी घेऊ शकते. गोचीड त्वचेला चिकटून बसते, पिसू मात्र चपळ असते आणि चटकन हाती लागत नाही.

अंडे, अळी, कोश आणि प्रौढ कीटक अशा चार अवस्थांतून पिसू जाते. मादी अंडी घालते ती जनावराच्या अंगावर. परंतु ती चिकट नसल्याने अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या भेगांत ओघळून पडतात. अळ्या रक्त शोषत नाहीत. प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर त्या वाढतात. कोशातील पिसू कित्येक महिने निपचित राहू शकते आणि पावलांची कंपने, उष्णता किंवा उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवताच बाहेर पडते. दीर्घकाळ बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच पिसवा का चावू लागतात, याचे उत्तर येथे मिळते.

जनावरांना होणारा उपद्रव

पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही तीव्र खाज सुटते. शेपटीच्या मुळाशी केस गळतात व जखमा होतात. पिल्ले आणि करडे यांच्या अंगावर पिसवा फार झाल्यास रक्तक्षय होऊन ती दगावूही शकतात. अंग चाटताना पिसू पोटात गेल्यास कुत्र्या-मांजरांना एक प्रकारचा पट्टकृमी होतो. तो क्वचित लहान मुलांनाही होतो. मांजराच्या ओरखड्यातून होणारा ताप आणि उंदरांच्या पिसवांच्या विष्ठेतून पसरणारा टायफस हेही पिसूशी निगडित विकार आहेत. लेप्टोस्पायरोसिस मात्र पिसूमुळे होत नाही; तो उंदीर व अन्य जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी लावला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे सरकारने गटारे धुतली, कार्बोलिक फवारले, रोग्यांना सक्तीने हलवले. १८९७ मध्ये पुण्यात झालेल्या घरझडतीने प्रक्षोभ उसळला आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडण्यात आली. त्याच वर्षी १० मार्च रोजी, रोग्यांची शुश्रूषा करताना जडलेल्या प्लेगने सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना स्पर्श होणार नाही असे शेजारी ठेवले. पहिला मेल्यावर दुसराही प्लेगने मेला. हा निष्कर्ष बरीच वर्षे कोणी मानला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) काम करणाऱ्या आयोगाने त्याला भक्कम पुष्टी दिली. प्लेगच्या घरात मोकळे ठेवलेले गिनीपिग मरत. बारीक जाळीत ठेवलेले वाचत. १९१४ मध्ये संसर्गाची रीतही उलगडली. प्लेगचे जंतू पिसूच्या अन्ननलिकेत साठून मार्ग बंद करतात. भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि जंतू जखमेत ओकते.

उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपड्या घालण्याची जुन्या काळातील रीत का हितकर ठरे, हे यातून कळते. मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून दुसरा आश्रय शोधतात. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा नियम आहे. उलट क्रमाने गेल्यास पिसवा माणसांकडे वळतात.

प्लेग हा केवळ इतिहास नव्हे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गाव आणि त्यापाठोपाठ सुरत शहर हादरले. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात व २००४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातही रुग्ण आढळले. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास हा रोग बरा होतो. विलंब मात्र जीवघेणा ठरतो.

काय करावे?

जनावराच्या केसांतून बारीक फणी फिरवावी. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. तांबूस डाग उमटला, तर पिसवा आहेत असे समजावे. केवळ जनावराला औषध लावणे अपुरे असते, कारण अंडी, अळ्या आणि कोश घरातच असतात. अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, कोपरे व फटी रोज झाडाव्यात आणि घरातील सर्व जनावरांवर एकाच वेळी उपचार करावेत. कुत्र्याचे परमेथ्रीनयुक्त औषध मांजराला प्राणघातक ठरू शकते, म्हणून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. इमारतीत किंवा वस्तीत एकाएकी अनेक उंदीर मेलेले आढळल्यास केवळ ते फेकून न देता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. प्लेगची पहिली सूचना आजही तीच असते.