'पारनेर' : अक्षरे चार, लेटर सहा

इंग्रजी शब्दकोड्यात 'सहा अक्षरी शब्द' असा संकेत दिसला की मराठी वाचकाची पहिली अडचण अर्थाची नसते, मोजणीची असते. मराठीत अक्षर म्हणजे स्वरासह उच्चारले जाणारे एकक. 'स्त्री' या शब्दात व्यंजने तीन असली तरी अक्षर एकच मोजले जाते. इंग्रजीत मात्र प्रत्येक लेटरला स्वतंत्र घर द्यावे लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर या तालुक्याच्या गावाचे नाव हा फरक समजावून घेण्यास फार सोयीचे आहे. पा-र-ने-र अशी त्याची अक्षरे चार. शालेय व्याकरणाप्रमाणे फोड केल्यास प्, आ, र्, अ, न्, ए, र्, अ असे वर्ण आठ. पण बोलताना दोन्ही 'र'मधील अकार लोप पावतो आणि सहाच ध्वनी उरतात. इंग्रजी स्पेलिंग नेमके या सहा ध्वनींचे आहे : पी, ए, आर, एन, ई, आर. संगणकावर देवनागरीत हे नाव साठवतानाही युनिकोडचे सहाच संकेत लागतात, कारण काना आणि मात्रा यांना तेथे वेगळे स्थान आहे. असा मेळ सर्वत्र बसत नाही. याच तालुक्यातील, रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निघोजची अक्षरे तीन, तर लेटर सहा. एकट्या 'घ'लाच दोन लेटर लागतात. संगमनेरची अक्षरे पाच आणि लेटर नऊ. जिल्ह्याच्या नावाची कथा तर अधिक गमतीची आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा मराठीतील अक्षरे सातावरून सहावर आली. इंग्रजी लेटर मात्र दहावरून अकरा झाली.

ठरावीक लांबीचे आणि ठरावीक लेटर असलेले शब्द शोधण्याच्या खेळाला इंग्रजीत मोठा इतिहास आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. पुढे आल्फ्रेड बट्स यांच्या कल्पनेतून स्क्रॅबल आले. पाच लेटरचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा 'वर्डल' हा खेळ २०२१ मध्ये लोकप्रिय झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. या सर्व खेळांत ई, ए, आर, एन ही लेटर हाताशी असणे लाभाचे, कारण इंग्रजीत ती वारंवार येतात. स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांमध्ये ई बारा, ए नऊ, आर सहा आणि एन सहा आहेत. पी मात्र दोनच. पारनेरच्या नावात ही सारी लेटर आली आहेत. खेळात विशेषनामे चालत नाहीत, हा भाग वेगळा. चालली असती तर या नावाला मूळ आठ गुण मिळाले असते.

या सहा लेटरमधून चार लेटरचे शब्द काढू लागले की इंग्रजी स्पेलिंगचे वळण लक्षात येते. पी, ई, ए, आर म्हणजे पेअर हे फळ. तीच लेटर पी, ए, आर, ई अशी लावली तर उच्चार तोच, पण अर्थ साल काढणे. आणखी फिरवली की 'रीप', म्हणजे पीक कापणे. जवळ या अर्थाचा 'निअर' आणि कमावणे या अर्थाचा 'अर्न' यांची लेटरही तीच. दुर्मीळ या अर्थाचा 'रेअर' आणि मागील बाजू दाखविणारा 'रिअर' ही अशीच जोडी. सहाही लेटर वापरायची तर मराठी मुलामुलींच्या परिचयाचे एक नाव मिळते : 'प्रेरणा'. रोमन लिपीत ते सामान्यतः ज्या पद्धतीने लिहितात, त्यात पारनेरचीच लेटर आहेत, एकही कमी नाही की जास्त नाही.

पहिले लेटर बदलून पाहणे हा दुसरा मार्ग. ई घातल्यास 'अर्नर' म्हणजे कमावणारा, डी घातल्यास 'डार्नर' म्हणजे रफू करणारा, जी घातल्यास 'गार्नर' म्हणजे साठवून ठेवणे. यांपैकी पहिल्या दोहोंतील शेवटचे ई-आर हे कर्त्याचे चिन्ह आहे. पारनेर, वडनेर, जामनेर, अमळनेर किंवा संत निळोबारायांचे पिंपळनेर यांतील 'नेर'शी त्याचा काहीही संबंध नाही; हे 'नेर' 'नगर' शब्दापासून आल्याचे सांगितले जाते.

पारनेरमध्ये एक टी घातला की 'पार्टनर' होतो. संगणकाची किंवा मोबाइलची शब्ददुरुस्ती ही भर न विचारता घालू शकते, तेव्हा अर्जातील पत्ता पुन्हा वाचलेला बरा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी माणूस ओळखू येतो. इंग्रजी नोंदीत आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि बँकेच्या पासबुकावर दुसरे असले की तीच व्यक्ती असल्याचे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करण्याची वेळ येते. 'पार्टनर' हा शब्दही असाच बदलत आला आहे. त्याचे जुने रूप आठ लेटरचे 'पार्सनर', अर्थ सहवारस. वकिलांच्या तोंडी असणाऱ्या 'कोपार्सनर', म्हणजे सहदायाद, या शब्दात ते अजून टिकून आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मतः मिळालेला हक्क याच शब्दाने नोंदला जातो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरी स्पेलिंग म्हणजे घोकंपट्टी, ही समजूत अनेक घरांत कायम आहे. गावाच्या नावाची लेटर कागदाच्या सहा तुकड्यांवर लिहून मुलांपुढे ठेवल्यास वर दिलेले बहुतेक शब्द त्यांना स्वतःच जुळवता येतात. त्यासाठी शब्दकोशाव्यतिरिक्त काही लागत नाही.