विल्सन कॉलेज, कर्वे आणि बाबासाहेब

रत्नागिरीत वर्गात मी र. धों. कर्व्यांचे नाव काढतो तेव्हा मागच्या बाकांवर खुसखुस होते. याच जिल्ह्यातल्या मुरुडचा हा गृहस्थ मुंबईत विल्सन या मिशनरी कॉलेजात गणित शिकवी. १९२१ साली त्याने संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. असा प्रचार करणारा प्राध्यापक ख्रिस्ती चालकांना पचला नाही. (सनातनी हिंदूंना तरी कुठे पचला!) पुढे १९३० साली अँग्लिकन बिशपांनी लॅम्बेथ परिषदेत मर्यादित मुभा दिली आणि त्याच वर्षअखेर पोपने कृत्रिम साधने पाप ठरवली.

१९२७ पासून कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. कर्वे हरले. १९३८ साली बाबासाहेबांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तोही फेटाळला गेला.

माझ्या आईची सहा बाळंतपणे झाली. यातले अक्षरही तिच्यापर्यंत पोचले नव्हते. आणि आमच्या जयंतीच्या मंडपात हा खटला मी अजून ऐकलेला नाही.