हिवाळ्यात परभणी: मोबाईल कॅमेऱ्यासाठी दोन दिवसांचा प्लॅन कसा करायचा?

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आम्ही परभणीकर दिवसातून एकदा तरी ऐकवतोच. तरीही हिवाळ्यात फोटो काढायला कुणी परभणीला जातं का, असा प्रश्न पुण्यातल्या माझ्या रूममेटनं विचारला होता. त्याचं उत्तर म्हणून हा लेख. खरं सांगायचं तर माझं स्वतःचंही एक काम यात आहे. मागच्या जानेवारीत मी गंगाखेडच्या घाटावर आजीचा एक फोटो घालवला. तो का गेला हे नीट समजून घेतल्याशिवाय यंदा जायचं नाही, असं ठरवलंय.

झालं असं: आजी नदीत घोटाभर पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देते. मला तेवढाच फोटो हवा होता. पण मी पोहोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. धावत जाऊन फोन काढला तर स्क्रीनवर "स्टोरेज फुल". दोन जुने व्हिडिओ डिलीट करेपर्यंत बॅटरी १८ टक्क्यांवरून थेट बंद. आजी पायऱ्या चढून वर आली, साडीचा ओला काठ पिळला आणि म्हणाली, "काढलास का फोटू?" मी हो म्हणालो. तिन्ही चुका माझ्याच होत्या आणि तिन्ही घरी बसून टाळता आल्या असत्या.

वेळ: तुमचा फोन चुकीच्या शहराचा सूर्योदय दाखवतोय का?

माझ्या होमस्क्रीनवरच्या हवामान विजेटमध्ये पुणे सेट होतं. भारतभर घड्याळ एकच असलं तरी सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. पूर्वेकडे एक रेखांश सरकलं की सूर्योदय चार मिनिटं आधी होतो. परभणी पुण्याच्या पूर्वेला जवळपास तीन रेखांशांवर आहे, म्हणजे दहा-बारा मिनिटांचा फरक. मुंबईच्या तुलनेत तो पंधरा मिनिटांच्या आसपास जातो. एरवी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण सूर्य तांबडा गोळा असतो तो तेवढाच वेळ.

अंदाजासाठी: परभणीत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्योदय साधारण ६:५२ ला आणि सूर्यास्त ५:५० च्या सुमारास होतो. जानेवारीच्या मध्यावर ७:०० आणि ६:०५ धरा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ६:५७ आणि ६:१८. गंमत बघा, सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असतो, पण सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीत. म्हणजे झोपाळू फोटोग्राफरसाठी जानेवारी बरा!

दुसरी गोष्ट दिशेची. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो असं आपण शाळेत शिकलो, पण ते वर्षातून दोनच दिवस खरं असतं. डिसेंबरअखेर परभणीत तो पूर्वेच्या जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. गंगाखेड गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य समोर येत नाही, उजव्या खांद्याच्या मागून, गावाच्या बाजूनं वर येतो. त्यामुळे पायऱ्यांवर ऊन पडायला सूर्योदयानंतरही थोडा वेळ लागेल असं धरून चला. हे जायच्या आधीच बघायचं असेल तर सनकॅल्क ही वेबसाइट फुकट आहे. नकाशावर घाटावर पिन टाका, तारीख निवडा, सूर्य कुठून येणार याची रेघ दिसते. फोटोपिल्स आणि सनसीकर ही अ‍ॅप्स तेच कॅमेऱ्यातल्या दृश्यावर दाखवतात. पण एका ट्रिपसाठी पैसे घालवू नका, सनकॅल्क पुरे आहे.

हिवाळ्याचा मोठा फायदा दुपारी कळतो. मे महिन्यात परभणीत सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. डिसेंबरअखेर तो भर दुपारीसुद्धा ४७ अंशांच्या वर चढत नाही. सावल्या लांब राहतात, दगडावरची नक्षी उठून दिसते. म्हणून देवळांचे फोटो हिवाळ्यात काढावेत, असं माझं ठाम मत आहे.

कुठे जायचं?

मुंबईकडून देवगिरी, तपोवन, नंदीग्राम या गाड्या मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना अशा मार्गानं परभणीला येतात. रात्रीच्या गाडीनं येणार असाल तर पहिला सूर्योदय खिडकीतूनच बघायचा. मुक्काम शहरात ठेवा, कारण बाकी सगळं तासा-दीड तासाच्या, फार तर दोन तासांच्या अंतरावर आहे.

पहिला दिवस शहराचा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं आणि त्याचा परिसर प्रचंड आहे. गेटवर विचारून आत जा. प्रयोगाच्या प्लॉटमध्ये पाय घालू नका, तिथलं एकेक कणीस कुणाच्या तरी पीएचडीचं असू शकतं. रब्बी ज्वारी, हरभरा, पिवळी-केशरी करडई, आणि पहाटे वर तरंगणारं धुकं. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेलाय, तेव्हा स्वेटर घ्या. दुपारी पाऱ्याच्या शिवलिंगासाठी प्रसिद्ध असलेलं पारदेश्वर मंदिर. संध्याकाळी गांधी पार्क, नानलपेठ भागातली दुकानं. दिवे लागले आणि आकाश अजून निळं आहे, अशी वीस मिनिटं मिळतात ती चुकवू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलात तर हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा उरूस असतो, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दोनपैकी एकच दिशा निवडा. गंगाखेड साधारण ४० किलोमीटर: गोदावरीचा घाट आणि संत जनाबाईंचं मंदिर. किंवा जिंतूर साधारण ४५ किलोमीटर, जवळच नेमगिरीच्या जैन गुंफा, पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आणि पुढे चारठाण्याची हेमाडपंती मंदिरं. दोन्ही एका दिवसात कराल तर फोटो कमी आणि रस्ता जास्त होईल. मी एकदा ते केलंय. चारठाण्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि देवळाचा एकच फोटो आला, तोही गाडीच्या हेडलाइटमध्ये.

धुकं आणि कॅमेऱ्याचा गैरसमज

फोनचा कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून एक्स्पोजर ठरवतो. धुकं पांढरं असतं. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला आणि तो फोटो काळवंडवतो. म्हणून धुक्याचे फोटो राखाडी, आजारी दिसतात. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर विषयावर टॅप करा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, बोट किंचित वर सरकवा. प्रो मोड असेल तर ईव्ही +०.३ ते +०.७. सूर्य फ्रेममध्ये असेल तर बरोबर उलटं, ईव्ही -१ च्या आसपास, म्हणजे आकाशाचा रंग टिकतो आणि माणूस काळ्या आकृतीत येतो. टॅप करून बोट दाबून ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. धुक्यात फोकस भटकतो, त्यामुळे हे लॉक फार कामाचं आहे.

पहाटेचा सोनेरी रंग फोनमध्ये का येत नाही, हे मला खूप लोक विचारतात. ऑटो व्हाइट बॅलन्सला तो पिवळेपणा चूक वाटतो, आणि तो "दुरुस्त" करतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून टाका. जसं दिसतंय तसं येईल.

आणखी एक. तुमच्या फोनला तीन कॅमेरे असले तरी पहाटेच्या उजेडात खरा कामाचा एकच, मेन कॅमेरा. अल्ट्रावाइडचा सेन्सर सहसा लहान असतो, कमी उजेडात दाणे येतात. टेलिफोटोचं तर अजब आहे: उजेड कमी असला की बरेच फोन गुपचूप मेन कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात आणि आपल्याला ३ एक्स दाखवतात. तपासायचं असेल तर टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर समजून जा. त्यापेक्षा चार पावलं पुढे चाला.

थंडी, वाफ आणि बाईक

माझा फोन १८ टक्क्यांवर का मेला? लिथियम-आयन बॅटरीत थंडीमुळे आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा चालू करताना एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज घसरतं, आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. दोन-तीन वर्षं जुन्या बॅटरीत हे लवकर होतं. आकडा खोटा नसतो, फोन ऊबेत आणला की तेच टक्के पुन्हा दिसू शकतात. म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. पॉवरबँकही तिथेच.

वाफेचा प्रकार उलटा आहे. उबदार खिशातून थंड हवेत काढल्यावर भिंगावर सहसा काही होत नाही. गार पडलेला फोन घेऊन चहाच्या टपरीत किंवा चुलीजवळ शिरलात की भिंगावर दव बसतं. दोन मिनिटं थांबा, मग सुती रुमालानं पुसा. एरवीही दर वेळी भिंग पुसाच. रात्री दिव्यांभोवती जे धुरकट वर्तुळ येतं, ते अनेकदा धुकं नसून बोटाचं तेल असतं.

आणि गंगाखेडला बाईकवरून जाणार असाल तर फोन हँडलच्या होल्डरमध्ये लावू नका. जास्त क्षमतेच्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा अ‍ॅपलनं स्वतः २०२१ मध्ये दिला होता. भिंग हलवून स्थिर ठेवणारी यंत्रणा (ओआयएस) इतर कंपन्यांच्या फोनमध्येही असते. रस्ता ऐकायचा असेल तर इअरफोनऐवजी मागे बसलेल्याला सांगा!

जागेचा हिशेब

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४-५ एमबी. ५० मेगापिक्सेल मोड लावला तर त्याच्या तिप्पट-चौपट. फुलएचडी व्हिडिओ मिनिटाला १००-१३० एमबी, ४के मिनिटाला फोननुसार २०० ते ४०० एमबी. दोन दिवसांत ६०० फोटो आणि वीस मिनिटं फुलएचडी धरले तरी सहा जीबी होतात, म्हणून दहा जीबी मोकळी ठेवा. क्लाउडवर विसंबू नका. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आता सगळं मिळून १५ जीबी. शिवाय गावात नेट रांगत असेल तर बॅकअप अर्धवट राहतो. मी तर टाइप-सीचा पेनड्राइव्ह घेतलाय, रोज रात्री कॉपी. आणि कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काहीही डिलीट करायचं नाही.

उरूस आणि रात्रीचे दिवे

उरुसात आकाशपाळण्याचे फोटो सगळेच काढतात आणि सगळ्यांचे हलतात. फोन कशाला तरी टेकवा, प्रो मोडमध्ये शटर १ ते २ सेकंद, आयएसओ सर्वांत कमी, तीन सेकंदांचा टायमर. पाळण्याचं प्रकाशाचं चक्र होतं. उलट, व्हिडिओत एलईडी दिव्यांवर काळ्या पट्ट्या सरकताना दिसत असतील तर कारण आपली वीज आहे. ती ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा, पट्ट्या जातात किंवा निदान खूप कमी होतात.

इथे एक विनंती. दर्गा असो, गाभारा असो की घाट, माणसांना विचारून फोटो काढा. घाटावर बायका आंघोळीला आलेल्या असतात. तिथे झूम लावून उभं राहणं हा फोटोग्राफीचा भाग नाही. नकार मिळाला तर फोन खाली. आणि होकार देणाऱ्याला फोटो पाठवाच, "पाठवतो" म्हणून विसरणारे आपणच असतो.

यंदाचा माझा बेत

जानेवारीचा तिसरा आठवडा. विजेटमध्ये परभणी सेट केलंय. बारा जीबी मोकळी आहे. घाटावर ६:३० ला पोहोचायचं, कारण आजीचे गुडघे आता एका वेळी एकच पायरी मानतात आणि मामा म्हणतो पुढच्या वर्षी तिला खाली नेणं जमेल असं नाही. एक्स्पोजर सूर्यावर नाही, आजीच्या चेहऱ्यावर लॉक करणार. आकाश पांढरं पडलं तर पडू दे.

परवा फोनवर तिला सांगितलं की या वेळी नीट फोटो काढणार. लगेच प्रश्न आला, "मग मागल्या साली काय करायलतास रे?" मी सगळं कबूल केलं. ती हसली आणि विचारलं, कोणतं लुगडं नेसू, पांढरं की लाल? मी म्हणालो लाल, धुक्यात पांढरं हरवतं. ती म्हणाली, लाल तर पेटीत तळाशी आहे, मामीला काढून ठेवायला सांगते.