विजेची सायकल स्वस्त कशी झाली?

विजेवर चालणारी सायकल आपल्याला अगदी अलीकडची वस्तू वाटते. शाळेत किंवा कचेरीत जाण्यासाठी ती घ्यावी का, घेतली तर स्वस्तातली कोणती घ्यावी, ही चर्चा आता शिक्षकांच्या खोलीतही होऊ लागली आहे. वास्तविक ही सायकल पेट्रोलच्या मोटारसायकलीच्या पिढीतलीच आहे. मग सामान्य माणसाच्या हाती यायला तिला शंभर वर्षे का लागली? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की निवडीचा प्रश्नही बराच सोपा होतो. म्हणून आपण तिचा इतिहास थोडक्यात पाहू.

पुन्हा पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये ग्युस्ताव्ह त्रुव्हे यांनी पॅरिसमध्ये तीनचाकी सायकलीला विजेची मोटार जोडून ती रस्त्यावर चालवून दाखवली. पुढे ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन यांना विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्यांनी मोटार मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवली होती. मध्ये दातेरी चक्रे नव्हती. मोटार थेट चाक फिरवी. बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली होती. आजच्या स्वस्त सायकलींपैकी पुष्कळशा दिसायला अशाच असतात! म्हणजे अडचण कल्पनेची नव्हती.

अडचण कोणती होती ते बोल्टन यांच्याच आकड्यांवरून कळते. त्यांची मोटार १० व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपियरपर्यंत प्रवाह घेऊ शकत असे. १० गुणिले १०० म्हणजे १००० वॉट. एवढ्या शक्तीने तासभर जायचे तर १००० वॉट-तास ऊर्जा हवी. आजची चांगली शिसे-आम्ल बॅटरीसुद्धा किलोमागे ३० ते ३५ वॉट-तासच साठवते, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी तीसेक किलोची बॅटरी वाहून न्यावी लागेल. याउलट एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. इंजिनाने तिच्यातली चार-पंचमांश वाया घालवली तरी पेट्रोल कितीतरी पुढे राहते. विजेची सायकल मागे पडली ती इथे.

ती पुन्हा पुढे आली विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने एक निराळी सायकल आणली. पायडलवर पडणारा जोर मोजून त्या प्रमाणात मोटार मदत करी आणि पाय थांबले की मोटारही थांबे. माणूस स्वतःही काम करत असल्यामुळे छोटी बॅटरी पुरे. रचना सुंदर होती, पण जोर मोजणारी यंत्रणा किंमत वाढवणारी होती. सायकल खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती चीनमध्ये.

चीनमध्ये साठच्या आणि ऐंशीच्या दशकांतही असे प्रयत्न झाले होते. मोटारी आणि बॅटऱ्या कच्च्या असल्याने ते फसले. नव्वदच्या दशकात मात्र अनेक गोष्टी जुळून आल्या. ऐंशीच्या दशकात शोधलेल्या निओडिमियमच्या जबरदस्त चुंबकांमुळे छोटी मोटारही पुरेसा जोर देऊ लागली आणि या चुंबकांना लागणारी खनिजे चीनमध्ये विपुल होती. बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीमुळे आम्ल सांडण्याची व पाणी घालण्याची कटकट संपली. मोटार, नियंत्रक, बॅटरी आणि सांगाडा वेगवेगळ्या कारखान्यांत बनत. ते जोडून सायकल तयार करणे लहान उद्योजकालाही जमू लागले. स्पर्धा वाढली, किंमत उतरली.

याला नियमांचीही साथ मिळाली. हवेच्या प्रदूषणामुळे शांघायसह अनेक शहरांनी पेट्रोलच्या छोट्या दुचाकींवर निर्बंध घातले. १९९९ च्या राष्ट्रीय मानकाने ताशी २० किलोमीटर वेग, ४० किलो वजन आणि पायडलची सोय असलेल्या विजेच्या वाहनाला सायकलच मानले. त्यामुळे परवान्याची गरज उरली नाही. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा लोक गर्दीच्या बस टाळू लागले. १९९८ मध्ये वर्षाला काही दहा हजार असलेली विक्री २००५ पर्यंत सुमारे एक कोटीवर गेली.

या वाढीला दुसरी बाजूही होती. स्वस्त सायकलीतील शिसे-आम्ल बॅटरी रोजच्या वापरात साधारण दीड-दोन वर्षे टिके. कोट्यवधी बॅटऱ्या बनवायच्या, मोडायच्या आणि शिसे वितळवून पुन्हा बनवायच्या. या कामात धूळ आणि धूर होतो. २०११ मध्ये झेजियांग प्रांतातील बॅटरी कारखान्यांजवळ राहणाऱ्या शेकडो लोकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त आढळले. त्यात लहान मुलेही होती. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. त्या वर्षी चीन सरकारने देशभरातील शेकडो कारखाने बंद केले. शहरातल्या माणसाचा प्रवास स्वस्त झाला होता. त्याची उरलेली किंमत कारखान्याशेजारची मुले देत होती.

१९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी तेवढ्याच ऊर्जेसाठी कितीतरी हलकी असते आणि अधिक वेळा भारित करता येते. पण तिचे धोके वेगळे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नानजिंगच्या एका इमारतीत, तळमजल्यावर विजेच्या सायकली ठेवल्या होत्या तेथून आग लागली आणि १५ माणसे दगावली. त्याच वर्षी सुधारलेल्या चिनी मानकात शिसे-आम्ल बॅटरीच्या वाहनांसाठी वजनाची मर्यादा ५५ वरून ६३ किलो केली गेली. जुनी बॅटरी दीडशे वर्षांनंतरही मैदान सोडायला तयार नाही!

आता आपल्या निवडीकडे वळू. आपल्याकडेही २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा वाहनाला नोंदणी लागत नाही. समजा, शाळा ८ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन १६ किलोमीटर. पायडल न मारता किलोमीटरला १५ वॉट-तास धरले तर रोज २४० वॉट-तास, म्हणजे पाव युनिटच वीज लागते. विजेचा खर्च नगण्य आहे, हे विद्यार्थ्यांकडून हिशेब करवून घेतला तर त्यांनाही पटेल. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा असतो. म्हणून दुकानात सायकलीच्या किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपियर-तास यांचा गुणाकार किती? ती किती वेळा भारित करता येईल? नवीन बॅटरी केवढ्याला पडेल? बॅटरीच्या किमतीला तिच्या आयुष्यातल्या एकूण किलोमीटरने भागले की 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ कळतो. बॅटरी वापरातून हळूहळू उतरते, म्हणून रोजच्या गरजेच्या निदान दीडपट क्षमता असावी.

चौथा प्रश्न चीनच्या अनुभवाने शिकवला आहे : जुनी बॅटरी परत कोण घेणार? आपल्या देशात २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण आपण ती गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली आणि त्याने उघड्यावर शिसे वितळवले, तर नियम कागदावरच राहील. बोल्टन यांच्या काळी बॅटरीचे वजन सायकलस्वाराला पेलावे लागे. आता ती हलकी झाली आहे. पण तिचा भार दुसऱ्या कोणावर पडत नाही ना, हेही पाहायला हवे.