आजोबांची पाठ आणि पाच सेंटिमीटर

परवा शनिवारी मोहन्याला घरी गेलो होतो. किराणा दुकानासमोर हमाल टेम्पोतून पोती उतरवत होते. आजोबा आठवले. कल्याणच्या बाजारात हमाली करायचे. उंची पाच फूट एक इंच, अंगाने किरकोळ. चाळिशीतच पाठ गेली. त्यांचा धिप्पाड जोडीदार मात्र साठीपर्यंत ओझी वाहत होता. "ह्यांच्यात दमच नव्हता," हे घरात ऐकतच मी मोठा झालो.

यातलं मेकॅनिक्स फार जुनं आहे. इटलीच्या बोरेल्लीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०च्या सुमारास छापला गेला. त्यात त्याने दाखवलं की सांधा म्हणजे तरफ, आणि स्नायू टेकूच्या अगदी जवळ असल्याने त्यांना ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो.

आता गंमत बघा. पाठीचे मुख्य स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतात. १०० किलोचं पोतं दोघांनी उचललं, म्हणजे प्रत्येकी ५०. ते मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर स्नायूंची ओढ ४०० किलो! आणि हेच अंतर ६ सेंटिमीटर असेल तर? ३३३. दर खेपेला ६७ किलोंचा फरक, आणि हा सगळा दाब मणक्यांमधल्या चकतीवर. वाकलेल्या धडाचं वजन तर अजून धरलेलंच नाही. (उंच माणसाचं धड जड आणि लांब, त्यामुळे त्याचीही पूर्ण सुटका नाही.)

हे अंतर माणसागणिक बदलतं, हे सीटी स्कॅन आणि एमआरआय आल्यावर नीट मोजता आलं. त्याचा अंदाज बांधायला नुसत्या उंचीपेक्षा धडाची रुंदी आणि जाडी जास्त उपयोगी पडते. मोठ्या धडात स्नायू जाडही असतात आणि मणक्यापासून लांबही. म्हणजे दुहेरी फायदा.

नियम मात्र किलोत लिहिले गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची शिफारस केली. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचं १९९१चं सूत्र अगदी आदर्श परिस्थितीतही २३ किलोंवर थांबतं, आणि ओझं अंगापासून जितकं लांब तितकी मर्यादा कमी करतं. म्हणजे ओझ्याचं अंतर मोजलं, उचलणाऱ्याचं धड नाही. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ही फार मोठी गोष्ट होती. पण पोतं सगळ्यांना तेच.

हमाल ओझं माथ्यावर किंवा पाठीवर का घेतात, तेही आता कळलं. तिथे ते मणक्याच्या जवळजवळ वर येतं, तरफ उरतच नाही. जीव जातो तो उचलताना आणि उतरवताना.

रविवारी जेवताना हे सगळं कागदावर काढून बाबांना दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दम होता तर."

होता. जोडीदारापेक्षा जास्तच लागत होता.