संत मार्टिनच्या हंसाची कुळकथा

संतांचा धावा करू नये असे निक्षून सांगणाऱ्या ल्यूथरपंथीय डेन्मार्कात १० नोव्हेंबरच्या सायंकाळी घरोघर भाजलेल्या हंसाचे किंवा बदकाचे भोजन होते, आणि तेही तूरचा बिशप संत मार्टिन याच्या नावाने, हे वाचल्यापासून या पक्ष्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. योगायोग असा की ल्यूथरही १० नोव्हेंबर १४८३ रोजीच जन्मला. दुसऱ्या दिवशी, संत मार्टिनच्या सणाला, आइस्लेबेन येथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्या संताचेच नाव त्याला मिळाले.

पण हंस कोठून आला? लोकप्रिय आख्यायिका सांगते की बिशपपद चुकविण्यासाठी मार्टिन हंसांच्या खुराड्यात लपला आणि त्यांच्या कलकलाटाने पकडला गेला. आख्यायिका गोड खरी, परंतु मार्टिनला प्रत्यक्ष ओळखणारा त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस हंसाचा उल्लेखही करीत नाही. त्याच्या मते रुस्टिसियस नावाच्या नागरिकाने पत्नी आजारी असल्याची बतावणी करून त्याला मठाबाहेर आणले. दुसरा पक्ष उपवासाचा: ५८१ च्या माकों येथील धर्मसभेने मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिले, तेव्हा आधी एकदा यथेच्छ जेवून घेणे ओघानेच आले. हे मान्य, पण जेवण हंसाचेच का, याचे उत्तर त्यात नाही.

माझ्या मते ते महसुलात आहे. धान्य कोठारात पडल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी, जमीनदाराचा खंड चुकता करण्याची आणि चाकरांचे करार संपण्याची मुदत याच सणाला येई. खंडाचा काही भाग जिनसी असे, आणि कापणीनंतरच्या शेतात चरून लठ्ठ झालेला हंस हिवाळाभर पोसण्यापेक्षा मालकाच्या दारी पोचता करणे कुळाच्या सोयीचे होते. उपवासाने मेजवानीची वेळ ठरविली, खंडाने पक्षी पुरविला. आख्यायिका, मला वाटते, मागाहून चिकटली.

ल्यूथरपंथीयांच्या श्रद्धेचा जाहीरनामा असलेल्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या एकविसाव्या कलमाने संतांचे स्मरण व अनुकरण राखले आणि त्यांच्याकडे याचना करणे वर्ज्य केले. पण वसुलीच्या तारखा धर्मशास्त्रज्ञांच्या हुकमाने हलत नसतात. म्हणूनच हा सण टिकला, आणि एरफुर्टच्या चौकात आजही १० नोव्हेंबरच्या सायंकाळी कंदील घेऊन जमणारी मुले बिशप मार्टिन आणि ल्यूथर अशा दोघांचाही उत्सव एकदमच साजरा करतात.